पुसलेली नोंद

आमच्या संस्थेच्या कार्यालयात तिजोरीच्या शेजारी एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. दोन माध्यमिक शाळा आणि एक प्राथमिक शाळा यांचा सारा घरचा कारभार त्याच्यावर चालतो. त्याला 'एक' संगणक म्हणणे मात्र चूक आहे. यंत्र एक, पण त्याच्या पोटात तीन संगणक नांदतात : एक विद्यार्थ्यांच्या नोंदींचा, एक हिशेबाचा आणि एक ग्रंथालयाचा. तिघेही आपापल्या घरी स्वतंत्र आहोत अशा थाटात वागतात. आपण एकाच छपराखालचे बिऱ्हाडकरू आहोत याचा त्यांना पत्ता नसतो. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. घटाकाश आणि मठाकाश हा वेदान्तातला दृष्टान्त एम. ए. करताना पाठ केला होता. त्याचा उपयोग तीस-पस्तीस वर्षांनी शाळेचा संगणक समजून घेण्यासाठी होईल असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर आमच्या प्राध्यापकांनी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

या आभासी यंत्राचा एक मोठा गुण असा की, तो अख्खा संगणक म्हणजे शेवटी एक भली मोठी फाइल. पोथीची नक्कल करावी तशी त्याची नक्कल करता येते आणि मूळ यंत्र जळाले, बुडाले, चोरीला गेले तरी ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर उठवता येते. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला तो जसा होता तसाच, त्यातल्या चुकांसह आणि लिपिकाने अर्धवट लिहून ठेवलेल्या पत्रासह, पुन्हा जागा होतो. कुंभकर्ण जागा होताना निदान जांभई देत असे. हा तेवढेही करीत नाही.

२०१८च्या मे महिन्यात या नकला केव्हा घ्यायच्या आणि किती काळ ठेवायच्या याचे वेळापत्रक ठरवायला आमचा एक माजी विद्यार्थी आला. घरी कन्नड, शाळेत मराठी, आता हुबळीला संगणकाचे काम करतो. त्याने मला दोनच प्रश्न विचारले. "सर, समजा मशीन आत्ता बंद पडलं, तर किती वेळच्या कामावर तुम्ही पाणी सोडायला तयार आहात? आणि ते परत सुरू होईपर्यंत किती तास थांबायला तयार आहात?" मी म्हणालो, "एका दिवसाचं काम गेलं तर पुन्हा करू. आणि एक दिवस थांबू." "मग झालं की," तो म्हणाला. रोज रात्री एक नक्कल पुरे. दवाखान्याला किंवा पेढीला हे उत्तर चालले नसते. पण शाळा ही मुळातच एक दिवस थांबू शकणारी संस्था आहे. आम्ही तर पाऊस जोरात आला तरी थांबतो.

नंतर त्याने कागदावर एक वंशावळ काढली. या पद्धतीला इंग्रजीत आजोबा, वडील, मुलगा अशीच नावे आहेत. मी म्हणालो, "म्हणजे अज्ज, अप्प, मग." तो हसला. कन्नडमधला 'मग' म्हणजे मुलगा आणि मराठीतला 'मग' म्हणजे नंतर; दोन्ही अर्थ तिथे बरोबर बसत होते, म्हणून हीच नावे आमच्या कार्यालयात रूढ झाली. रोज रात्री घेतलेली नक्कल हा मुलगा. तो आठवडाभर जगतो. पुढच्या सोमवारी नवा सोमवार त्याच्या जागी येतो. शनिवारची नक्कल हा बाप, त्याचे आयुष्य महिन्याचे. महिनाअखेरीचा आजोबा वर्षभर राहतो. आपल्या घरात मुलगा मागे उरतो आणि आजोबा आधी जातात. इथे सारे उलटे.

आजोबा का हवेत, हेही त्याने सांगितले. नक्कल ही विवेकशून्य असते. मूळ बिघडले तर ती बिघाडही तितक्याच निष्ठेने उतरवून घेते. खंडणीसाठी संगणकाला कुलूप घालणारे विषाणू कधी कधी कित्येक आठवडे आत दबा धरून बसतात. तोवर सगळे मुलगे आणि बाप बाधित झालेले असतात, आणि निरोगी एकटा आजोबाच उरतो. मला एकनाथ महाराज आठवले. शके १५०६मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती नकलाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरवीत आणलेले अपपाठ दूर करण्यासाठीच. प्रती पुष्कळ असणे आणि मजकूर सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोथ्यांच्या जगाला चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

जागेचा हिशेबही त्याने करून दाखवला. नोंदींचे यंत्र २०० जीबीचे. वर्षाचे ३०० दिवस रोज संपूर्ण नक्कल घेतली, तर ६०,००० जीबी. त्याऐवजी एकदा संपूर्ण आणि नंतर रोज फक्त बदललेला भाग, समजा २ जीबी, एवढाच घेतला तर सारे मिळून ८०० जीबी. पण ती साखळी असते. मधली एक कडी तुटली की पुढच्या साऱ्या निकामी. म्हणून दर शनिवारी नवी संपूर्ण नक्कल. शिवाय एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवी, ती आमच्या दुसऱ्या शाळेत जाते. हे मला तेव्हा अतिदक्षता वाटले होते. २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी संगणक केंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांचे ८५८ टीबी कामकाज जळून गेले. पसारा फार मोठा म्हणून त्याची दुसरी प्रतच ठेवलेली नव्हती. ती बातमी वाचल्यावर मी त्या मुलाला फोन करून, तुझे बरोबर होते, एवढेच सांगितले.

तर वंशावळ पुरी झाली आणि शेवटी उरला पणजोबा : दर ३१ मेची, शैक्षणिक वर्षाअखेरची नक्कल. "ही किती वर्षं ठेवायची, सर?" मी म्हणालो, "सात." "सातच का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सात वार असतात, सप्तपदी असते, जन्मही सात असतात. मी म्हणालो, "असू दे. कधीतरी लागेल." त्याने लिहून घेतले. हे 'असू दे' पुढे माझ्या अंगाशी आले, म्हणून हा लेख.

जानेवारी २०१९मध्ये नववीच्या वर्गात सहलीसाठी जमवलेले चारशे रुपये एका मुलाच्या दप्तरातून गेले आणि दुसऱ्याच्या कंपासपेटीत सापडले. मुलाने कबूल केले, वडिलांनी पैसे भरले आणि मी नियमाप्रमाणे त्याच्या नावापुढे वर्तनाच्या रकान्यात दोन ओळींची नोंद केली. पुढे दीड वर्षात त्या मुलाविषयी एकही तक्रार आली नाही. ऑगस्ट २०२०मध्ये दहावीचा निकाल लागला, तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. वडील दाखला न्यायला आले. खानापूर तालुक्यातले गवंडी. तोंडाला मास्क, हातात टोपी. निघताना दारात घुटमळले. "सर, पोरगं सुधारलंय बघा. तेवढं पुसून टाका की." मला ते पटले. चौदाव्या वर्षाच्या चुकीने तिचे काम केले होते. मी त्यांच्यासमोर संगणकापुढे बसलो, नोंद काढून टाकली, पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला आणि म्हणालो, "झालं. आता कुठंही राहिलं नाही."

दुसऱ्याच महिन्यात आम्ही नोंदींची नवी प्रणाली घेतली. जुने यंत्र बंद झाले. मागे राहिला तो ३१ मे २०२०चा पणजोबा, म्हणजे नोंद पुसण्याच्या अडीच महिने आधीचा.

२०२३मध्ये त्या मुलाने एका ठिकाणी नोकरीसाठी अर्ज केला. तिथून शाळेकडे वर्तनाविषयी विचारणा आली. नव्या प्रणालीत जुनी मुले नव्हती, म्हणून आमच्या लिपिकाने कर्तव्यदक्षतेने जुना पणजोबा उठवला, विद्यार्थ्याचे पान जसेच्या तसे छापले आणि सहीच्या ढिगात ठेवले. मी सही केली. वाचली नाही. मुख्याध्यापक दिवसाकाठी किती सह्या करतो हे सांगून मला यातून सुटता येणार नाही.

मुलाखतीत त्याला विचारले गेले, "नववीत काय झालं होतं?" आठवड्याने तो माझ्याकडे आला. उंच झाला होता. आवाज चढवला नाही. "सर, तुम्ही पुसलं होतं की," एवढेच म्हणाला. ती नोकरी त्याला मिळाली नाही. न मिळण्याला दहा कारणे असतील. त्यांतले एक माझ्या सहीचे होते की काय, हे मला कधीच कळणार नाही.

मी हुबळीच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "तुम्ही पुसलं ते चालू मशीनमधलं, सर. पणजोबाला कोण सांगणार?" आणि सांगायचे म्हटले तरी सोय नव्हती. जुन्या प्रतीत हात घालायचा नाही हाच तर नियम. तिच्यात कोणालाही काही बदलता येऊ नये अशी व्यवस्था आम्हीच मुद्दाम करून घेतली होती. कारण जी प्रत सज्जनाला बदलता येते ती चोरालाही बदलता येते.

मी पाटी-पेन्सिलच्या पिढीतला मास्तर. पाटीवरचे ओल्या फडक्याने पुसले की गेले. पाटीला आजोबा नसत. त्या सवयीने मी वडिलांना शब्द दिला. शब्द खोटा नव्हता, पण तो मला पाळता येण्यासारखा आहे की नाही, हे न पाहता दिला होता. नीतिशास्त्राच्या पुस्तकात खोटे बोलणे आणि वचन मोडणे यांवर पाने भरून मजकूर असतो. आपल्याला पुरते न कळलेल्या यंत्राच्या वतीने दिलेल्या वचनाचे काय, यावर मात्र मला काही वाचल्याचे आठवत नाही. आणि आज डॉक्टर, बँकेतला कारकून, शिक्षक, सारेच रोज अशी वचने देत असतात.

आमचे इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते उसळून म्हणाले, "मुळात पुसलंतच कशाला? घडलं ते घडलं. उद्या तुम्ही बखरीतूनही न आवडलेली पानं फाडाल." आमच्या भागात या बोलण्याला निराळे वजन आहे. १९५६ साली हा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत जुना कागद कोणी सहजासहजी टाकीत नाही. आजोबांचा फेरफार, पणजोबांची मोडीतली चिठ्ठी, ट्रंकेच्या तळाशी असतेच. आणि गुरुजींच्या बोलण्याचा प्रत्ययही मला लवकरच आला. एक आजी नातवाचा हात धरून शाळेत आल्या. जन्मतारखेचा पुरावा हवा होता. १९५३चे जनरल रजिस्टर काढले. कसरीने खाल्लेले, पण शाई शाबूत. त्यांची एक ओळ सापडली : नाव, वडिलांचे नाव, गाव, धंदा रोजगारी, जन्मतारीख. आजींनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "आमच्या बाचं नाव अजून हाय म्हणायचं." तो दाखला कशाला हवा होता, हे त्या क्षणभर विसरल्या होत्या.

आता १९५३च्या हेडमास्तरांना या आजी येणार हे कसे ठाऊक असणार? मग माझे 'कधीतरी लागेल' काय चुकले? हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. मला दिसले ते असे. त्या हेडमास्तरांनी सगळे ठेवले नव्हते. त्यांच्याही काळात शिक्षेच्या वह्या असतील, पालकांच्या चिठ्ठ्या असतील, कोणी कोणाची पेन्सिल घेतली याचे जबाब असतील. ते सारे गेले. कायमचे म्हणून ठरले ते दर मुलामागे एक ओळ, आणि ती ओळ ठरवताना कोणी तरी विचार केला होता. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ कायमचा, ब तीस वर्षांचा, आणि ड तर वर्षभराने नष्ट करायचा. कारकुनी म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. पण प्रत्येक कागदावर ते अक्षर घालणाऱ्या माणसाला दर वेळी एक निर्णय घ्यावा लागतो. मी तो घेतला नव्हता. डिस्क स्वस्त होती म्हणून अख्खे कार्यालय झोपवून ठेवले, त्यातल्या सगळ्या भल्याबुऱ्यासकट, आणि त्याला जतन हे नाव दिले.

अपघातासाठी ठेवलेली प्रत आणि स्मरणासाठी ठेवलेली नोंद, यांत मी गल्लत केली होती. अपघाताची प्रत ताजी असावी लागते, संपूर्ण असावी लागते आणि ती लवकर मरावी लागते. चार वर्षांपूर्वीचा संगणक उठवून आजचे काम कोणी सुरू करीत नाही. स्मरणाची नोंद निवडलेली असावी लागते, आणि ती यंत्रावाचून वाचता यायला हवी. १९५३चे रजिस्टर वाचायला डोळे पुरतात. माझा पणजोबा उठवायला योग्य ते यंत्र, जुनी प्रणाली आणि एका सोडून गेलेल्या लिपिकाच्या डायरीतला पासवर्ड, एवढे सारे लागले होते. म्हणजे आजींच्या उपयोगी तो पडला नसता. त्या मुलाच्या आड मात्र आला.

गुरुजींच्या 'घडलं ते घडलं'लाही मी आता उत्तर देतो. घडलेले कोणी नाकारीत नाही. ते मुलाला आठवते, वडिलांना आठवते, मला तर आता जन्मभर आठवेल. प्रश्न आहे तो ते कोणी, कोणापुढे आणि कशासाठी बाहेर काढायचे हा. आपल्याकडे संचिताची कल्पना आहे. केलेले कर्म साठून राहते आणि केव्हा तरी फळाला येते. पण त्याच परंपरेने प्रायश्चित्तही सांगितले, आणि ते पुरे झाल्यावर माणसाला पुन्हा पंक्तीत बसवले. त्या मुलाचे प्रायश्चित्त पुरे झाले होते. पंक्तीतून त्याला उठवले ते एका लोखंडी कपाटातल्या डिस्कने, आणि तिला पंक्ती म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, हेतू संपला आणि दुसऱ्या कायद्याची अट नसली तर माहिती पुसावी, असे तत्त्व आहे. कायदा येण्याआधी हे आपल्याला सुचायला हरकत नव्हती.

अर्थात पुसण्याची भीतीही खरी आहे. डिसेंबर २०२१मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर दहा दिवसांहून जुन्या, निरुपयोगी नोंदी काढून टाकणाऱ्या आज्ञेत चूक झाली आणि संशोधकांचे ७७ टीबी साहित्य पुसले गेले. तीही नक्कल घेण्याच्याच व्यवस्थेतली आज्ञा होती. जपणारा हात आणि पुसणारा हात एकच असतो, म्हणून घाईने काही करायचे नाही एवढे ठरवले.

आम्ही वेळापत्रक बदलले. मुलगा, बाप, आजोबा तसेच राहिले, पणजोबा बंद. त्याऐवजी दर ३१ मेला कायम ठेवायच्या नोंदी, म्हणजे जनरल रजिस्टर आणि निकालपत्रके, साध्या पानांच्या रूपात वेगळ्या काढून एक प्रत छापून बांधून घेतो. हिशेबाच्या यंत्राला लेखापरीक्षक सांगतील ती मुदत. आणि वर्षातून एकदा एक नक्कल खरोखर उठवून पाहतो.

तरी एक अडचण उरली. आज एखादी नोंद पुसली तरी आजोबांच्या पोटात ती वर्षभर राहणारच. मध्येच यंत्र बिघडून आजोबा उठवावा लागला, तर पुसलेले पुन्हा उगवेल. त्यावर उपाय म्हणून आम्ही एक वही घातली आहे. काय काय पुसले ते तीत लिहायचे आणि कोणतीही जुनी प्रत उठवली की दुसऱ्या कोणी तिला हात लावण्याआधी वहीप्रमाणे सारे पुन्हा पुसायचे. विसरायचे असेल तर काय विसरायचे ते लिहून ठेवावे लागते, हे कळल्यावर मी हसलो, पण फार नाही. वहीत नाव लिहीत नाही आणि प्रकारही लिहीत नाही. फक्त रजिस्टर क्रमांक, रकाना आणि तारीख. लिपिकाने विचारले, "सर, या वहीची मुदत किती?" हिशेब केला. आजोबा बारा महिने जगतो, म्हणून वहीतली ओळ तेरा महिन्यांनी खोडायची. या वेळी सात म्हणालो नाही.

वहीतली पहिली ओळ त्या मुलाची आहे आणि तिला तेरा महिन्यांचा नियम लागू नाही, कारण ३१ मे २०२०ची डिस्क अजून कपाटात आहे. तीत जुन्या विद्यार्थ्यांची निकालपत्रके अडकली आहेत. ती काढून घेतल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. दोन लिपिक सुट्टीच्या दिवशी बसून ते काम करतात. अकराशे विद्यार्थी झाले, चारशे राहिले आहेत. यंदा दसऱ्याच्या सुट्टीत संपेल असे दिसते. नंतर ती डिस्क फोडायची.

मुलगा आता बेळगावातच एका कारखान्यात कामाला आहे. हे सारे त्याला सांगावे म्हणून मी त्याला बोलावून घेतले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले, पणजोबाची वंशावळ समजून घेतली, वही पाहिली. निघताना वडिलांसारखाच दारात घुटमळला.

"सर, ती फोडताना मी येऊ काय?"

"ये की," मी म्हणालो. "आणि येताना वडिलांना घेऊन ये. हातोडा त्यांचाच आण."